खारबांध, अनुदान आणि गावाची राखण

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात जोहे नावाचे गाव आहे. हमरापूर, कळवे, दादर या शेजारच्या गावांप्रमाणे जोहे हे नावही आज महाराष्ट्राला परिचित आहे ते गणेशमूर्तींमुळे. घरोघरी मूर्तींचे कारखाने, वर्षभर चालणारे साच्यांचे व रंगाचे काम आणि श्रावण उजाडला की मुंबई-पुण्याकडे निघणाऱ्या गाड्या, असे या गावाचे चित्र वाचकांनी अनेकदा पाहिले असेल. परंतु मूर्तीच्या मातीइतकेच या मुलखाचे दुसऱ्या एका मातीशी नाते आहे. ती माती मूर्तीची नव्हे, बांधाची. खाडीच्या भरतीला अडवून धरणारा आणि आतल्या भातशेतीला गोडे पाणी राखून देणारा तो बांध नसता, तर या पट्ट्यातील कित्येक शिवारे आज चिखल व तिवर यांच्याखाली गेली असती.

या बांधावर शासन खर्च करते. तो खर्च म्हणजे अखेर जमीनधारकांच्या खासगी जमिनीच्या रक्षणासाठी दिलेले सार्वजनिक द्रव्य होय. ते का द्यावे, कुणाला मिळते, कशासाठी अपुरे पडते आणि ते सत्कारणी लावण्यात ग्रामपंचायतीचा, शाळेचा व शासकीय कर्मचाऱ्याचा वाटा कोणता, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

खारजमीन कशी पिकते

अंबा, भोगावती, बाळगंगा आणि पाताळगंगा या नद्यांचे पाणी ज्या भागात धरमतरच्या खाडीकडे येते, तो पेण आणि अलिबाग तालुक्यांचा सखल प्रदेश 'खारेपाट' या नावाने ओळखला जातो. दक्षिणेस रोहे तालुक्यात कुंडलिकेच्या खाडीकाठी अशीच जमीन आहे. या जमिनीची पातळी उधाणाच्या भरतीपेक्षा खाली असते. समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास तिचा जोर वाढतो, त्याला उधाण म्हणतात. बांध नसेल तर प्रत्येक उधाणाबरोबर खारे पाणी शेतात शिरणार, हे उघड आहे.

म्हणून खाडीच्या बाजूने चिकणमातीचा उंच बांध घालतात. तो खाडीकडील अंगाने दगडी अस्तराने मढवितात. पावसाचे पाणी बाहेर काढण्यासाठी बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवतात. उघाडीच्या तोंडावरील झडप भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होते आणि ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ही रचना दिसावयास साधी आहे. परंतु झडपेत एखादे लाकूड अडकले किंवा तिची बिजागरी गंजली, तर तिच्यामागच्या साऱ्या शिवाराचे भवितव्य बदलते.

जमिनीतील क्षार धुऊन काढण्याचे काम पाऊस करतो. या भागात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मृगाच्या व आर्द्राच्या पावसाने मातीतील मीठ विरघळते, ते ओहोटीबरोबर उघाडीतून बाहेर जाते आणि मग भात पेरता येते. अनेक शेतकरी येथे मोड आणलेले बियाणे, म्हणजे रहू, चिखलात फेकून पेरतात. पावसाळा संपला की केशाकर्षणाने क्षार पुन्हा वर येतो, जमीन पांढरी दिसू लागते आणि दुसरे पीक बहुधा घेता येत नाही. म्हणजे या शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकच हंगाम असतो. तो गेला की वर्ष गेले.

या मातीसाठी संशोधनही झाले आहे. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. काळा राता, भुरा राता यांसारख्या क्षार सोसणाऱ्या जुन्या वाणांवर तेथे काम झाले आणि पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही नवी वाणे शेतकऱ्यांच्या हाती आली. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरपेक्षा अधिक असेल तर ती जमीन क्षारयुक्त मानतात. अशा जमिनीतही ही वाणे तग धरतात. तथापि कोणतेही वाण झाले तरी ते क्षार काही प्रमाणात सोसते, भरतीचे पाणी सोसत नाही. बियाण्याच्या आधी बांध, हा खारेपाटाचा पहिला नियम आहे.

कौल, शिलोत्र आणि कूळ

बांधासाठी सरकारने सवलत द्यावी ही कल्पना नवी नाही. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्याला आरंभी हलका आणि वर्षागणिक चढत जाणारा सारा ठरवून देण्याची इस्ताव्याच्या कौलाची पद्धत मराठी राज्यात रूढ होती. इंग्रजी अमदानीतही खाजण भरून काढणाऱ्याला पहिली काही वर्षे बिनसारा आणि पुढची काही वर्षे नाममात्र साऱ्याने जमीन देण्याचे धोरण होते. रोख रक्कम हाती दिली जात नसली, तरी सरकारने सोडलेला सारा हे एक प्रकारचे अनुदानच होते. त्यामागील हिशेब सरळ होता. आज सोडलेला महसूल उद्या पिकत्या जमिनीतून परत येईल.

पेणच्या खारपट्ट्यात 'शिलोत्री' नावाचा एक विशेष प्रकार होता. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. बांध घालून तो राखणारा शिलोत्रीदार असे. त्या बांधाआड शेती करणारे लोक सरकारी साऱ्याखेरीज त्याला भाताचा ठरावीक वाटा देत. बांधाची राखण हे एक काम आहे, त्याला मोल आहे आणि ज्यांना त्याचा लाभ मिळतो त्यांनी ते दिले पाहिजे, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती.

तिची दुसरी बाजूही विसरता येत नाही. बांधावर माती टाकणारे हात कुळांचे आणि मजुरांचे होते. जमिनीवरील हक्क मात्र बहुधा दुसऱ्याचा असे. या असंतोषाला तोंड फुटले ते अलिबागजवळच्या चरी येथे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला. खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार करून कुळांनी सहा वर्षे हाल सोसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९३९ व १९४८ चे कूळकायदे आले आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक होण्याचा मार्ग मोकळा झाला.

न्यायाच्या दृष्टीने ही फार मोठी घटना होती. परंतु बांधाच्या दृष्टीने तिच्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी एका मोठ्या जमीनदाराचे उत्पन्न बांधावर अवलंबून असे, म्हणून तो बांध राखून घेई. आता बांधाआडची जमीन शेकडो लहान मालकांत वाटली गेली. ज्याच्या वाट्याला पाच-दहा गुंठे आले, तो दोन-तीन किलोमीटर लांबीचा बांध कसा राखणार? ज्याचे शेत बांधापासून दूर, त्याला आपला बांधाशी संबंध नाही असे वाटू लागले. ज्याचे शेत बांधालगत, त्याने एकट्याने खर्च का करावा हा प्रश्न रास्तच होता. हक्क वाटले गेले. जबाबदारी मात्र कुणाच्या नावावर चढली नाही.

शासनाने उचललेला भार

ही पोकळी भरून काढण्यासाठी शासनाला पुढे यावे लागले. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींविषयीचा कायदा झाला आणि खारभूमी विकासासाठी मंडळ अस्तित्वात आले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर या विषयाचा नव्याने विचार होऊन महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ संमत झाला. समुद्राच्या किंवा भरतीच्या नदीच्या पाण्यापासून संरक्षण देऊन लागवडीयोग्य केलेली, अथवा करावयाची जमीन ती खारभूमी, अशी तिची व्याख्या या कायद्याने केली. योजना आखणे, बांध घालणे, तो राखणे आणि लाभधारकांवर उपकर बसविणे या बाबींना त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला. कोकणच्या किनारी जिल्ह्यांत आजपर्यंत पाचशेहून अधिक खारभूमी योजना झाल्या आहेत. रायगड जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, पेण हे या कामाचे एक महत्त्वाचे केंद्र राहिले आहे.

सर्वसाधारण वाटणी अशी की, खाडीकडील मुख्य बांध आणि उघाड्या शासकीय यंत्रणेने सांभाळाव्यात आणि आतली बांधबंदिस्ती शेतकऱ्यांनी राखावी. जे बांध शासकीय योजनेत समाविष्ट झाले, त्यांना शासनाचा निधी मिळतो. जे खासगी राहिले, त्यांची दुरुस्ती जमीनधारकांच्या वर्गणीवर, श्रमदानावर किंवा रोजगार हमीसारख्या अन्य योजनांतून होणाऱ्या कामांवर अवलंबून राहते.

अलीकडच्या काळात या कामाला आपत्ती निवारणाचीही जोड मिळाली. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी आणि ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ, या दोन घटनांनी खारबांध हे केवळ शेतीचे साधन नसून वस्तीचे संरक्षण आहे हे दाखवून दिले. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पेण तालुक्यातील नारवेल-बेनवले येथील खारबांधाचे काम घेण्यात आले. बांधाआड भात पिकते, पण त्याच बांधाआड गावाची विहीर, शाळा आणि रस्ताही असतो.

अनुदान कुणाचे?

शेतजमिनीच्या संवर्धनासाठी दिल्या जाणाऱ्या अनुदानाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार व्यक्तीला मिळणाऱ्या साहाय्याचा. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याखाली देशावर खासगी जमिनींवर समपातळी बांध घालण्याचे काम सुरू झाले. त्याच्या खर्चाचा काही भाग शासनाने सोसला. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीने कोकणातील वरकस जमिनीचे रूप पालटले. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली. या सर्वांत लाभधारक एक, सातबारा एक आणि काम त्याच्याच बांधाच्या आत.

दुसरा प्रकार सामायिक कामाचा. खारबांध या प्रकारात मोडतो. येथे शासनाचा पैसा कुणाच्याही बँकेच्या खात्यात जमा होत नाही. तो मातीत, दगडात आणि उघाडीच्या झडपेत जातो. लाभ मात्र बांधाआडच्या प्रत्येक सातबाऱ्याला मिळतो. दहा गुंठेवाल्याला तो मिळतो आणि दहा एकरवाल्यालाही मिळतो. गावात राहून कसणाऱ्याला मिळतो, तसाच मुंबईत नोकरी करून जमीन पडीत ठेवणाऱ्यालाही मिळतो. येथेच तक्रारीचे मूळ आहे. 'सरकारचा बांध' असे ज्याला म्हणतात, त्याची राखण आपण का करावी, असे एकाला वाटते. 'खासगी जमिनीसाठी सरकारने किती खर्च करावा,' असे दुसऱ्याला वाटते. दोन्ही विचार अर्धेच खरे आहेत.

फळबाग योजनेतील एक तत्त्व या ठिकाणी उद्बोधक ठरावे. फुंडकर योजनेत अनुदान एकदम दिले जात नाही. ते तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के अशा हप्त्यांनी दिले जाते आणि पुढचे हप्ते झाडे जगविण्यावर अवलंबून असतात. म्हणजे शासन खड्ड्यासाठी पैसे देत नाही, जगलेल्या झाडासाठी देते. खारबांधाच्या बाबतीत असा विचार फारसा झालेला नाही. बांध पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की काम संपले असे मानले जाते. वस्तुतः बांधाचे आयुष्य त्या दिवशी सुरू होते. खेकड्याचे बीळ, घुशीने पोखरलेली माती, खाडीतून जाणाऱ्या मोठ्या बार्जांच्या लाटांनी सरकलेला दगड, उघाडीच्या बाजूने झिरपणारे पाणी, ही बांधाच्या दुखण्याची पहिली लक्षणे होत. त्या वेळी दहा पाट्या माती पुरते. तीच गोष्ट दोन पावसाळे दुर्लक्षित राहिली, तर तेथे खांड पडते आणि मग अंदाजपत्रक, निविदा, मंजुरी या मार्गाने जावे लागते.

बांध फुटल्यानंतर

खांड पडली की काय होते, याचा क्रम शांतपणे समजून घेतला पाहिजे. पहिल्या उधाणात खारे पाणी शेतात येते आणि उभे भात करपते. खांड लवकर बुजविली नाही तर येणारी-जाणारी भरती तिची कड कापत नेते आणि भगदाड रुंद होते. बांध नंतर दुरुस्त झाला तरी मातीत बसलेला क्षार एका पावसात जात नाही. जमीन पूर्ववत पिकण्यास काही वर्षे लागतात. तोवर घरातील तरुण मूर्तीच्या कारखान्यात, कंपनीत किंवा शहरात कामाला लागलेला असतो. मजुरीचा दर आणि भाताचा भाव यांचा मेळ आधीच बसत नसतो. एकदा सुटलेली शेती पुन्हा हाती धरण्यास मन घेत नाही.

याच काळात निसर्ग आपले काम करीत असतो. भरतीबरोबर तिवराचे बी आत येते, चिखलात रुजते आणि पाच-सात वर्षांत शेताच्या जागी दाट कांदळवन उभे राहते. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचे, पण जमिनीवर तिवर अशी स्थिती होते.

कांदळवन आणि कायदा

कांदळवन हे किनाऱ्याचे कवच आहे, याबद्दल आता दुमत नाही. ते लाटांचा जोर मोडते, माती धरून ठेवते आणि कोळंबी, खेकडे, मासे यांच्या पिलांना आसरा देते. २०१२ साली राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेश आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निर्णय देऊन राज्यभर कांदळवनाच्या तोडीला मनाई केली. जमिनीची मालकी कुणाचीही असो, तिवर तोडता येत नाही. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड अपरिहार्य असेल तर न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरते.

हा निर्णय किनाऱ्याच्या हिताचा आहे. तथापि खारेपाटातील लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम स्पष्टपणे सांगितला पाहिजे. ज्याच्या शेतात बांध फुटल्यामुळे तिवर वाढले, त्याने ते लावले नाही आणि आता तो ते काढूही शकत नाही. पीक नाही, विक्री नाही आणि नाव मात्र कायम. बांधाच्या दुरुस्तीची वाट कांदळवनातून जात असेल, तर दुरुस्तीलाही परवानग्यांचा काळ लागतो आणि त्या काळात खांड वाढते. म्हणून आज खारबांधावरील दुर्लक्ष पूर्वीपेक्षा अधिक महाग पडते. पूर्वी उशीर झाला तर दोन-तीन हंगाम बुडत. आज उशीर झाला तर शेत कायमचे जाऊ शकते.

यातून भात की कांदळवन असा वाद उभा करणे मात्र चुकीचे होईल. बांधाच्या खाडीकडील बाजूस तिवरांचा पट्टा असेल तर लाटा बांधापर्यंत पोहोचेपर्यंत थकतात आणि बांध अधिक काळ टिकतो, हे खारेपाटातील जुने शेतकरी जाणतात. बाहेर तिवर, मध्ये बांध, आत भात हीच या भूमीची मूळ रचना आहे. बांध धड राहिला तर दोघेही आपापल्या जागी राहतात. बांध फुटला की दोघांचा झगडा सुरू होतो.

ज्या जमिनी आता परत मिळण्यासारख्या नाहीत, तेथील लोकांसाठीही मार्ग काढण्याचा प्रयत्न झाला आहे. २०१७ साली राज्य शासनाने कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्माण योजना सुरू केली. गावात सहव्यवस्थापन समिती स्थापन करून खेकडापालन, कालवपालन, बंदिस्त मत्स्यपालन, निसर्ग पर्यटन यांसारख्या व्यवसायांना तिच्यातून साहाय्य दिले जाते. सामूहिक प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा वाटा शासन उचलते आणि थोडा वाटा लाभधारकांनी घालावयाचा असतो. खारेपाटातील तळ्यांत जिताडा वाढविण्याची परंपरा जुनी आहे. तेव्हा मासा हा येथील शेतकऱ्याला परका विषय नाही. भातशेती गेलेल्या कुटुंबाला ही योजना पूर्ण भरपाई देऊ शकेल असे म्हणता येणार नाही, परंतु राखलेल्या वनातून राखणाऱ्याला काही मिळाले पाहिजे हे तत्त्व तिने मान्य केले आहे.

अन्य देशांचा अनुभव

हे तत्त्व जगात इतरत्रही मान्य झालेले आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी लक्षावधी एकर शेतीची माती उडवून नेली, त्यानंतर १९३५ साली तेथे मृद्संधारणाची स्वतंत्र राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. पुढे १९८५ च्या कायद्याने तेथील शासन शेतकऱ्याशी १० ते १५ वर्षांचा करार करू लागले. धूप होणारी जमीन त्याने नांगराखालून काढावी, तिच्यावर गवत किंवा झाडे राखावीत आणि त्याबद्दल शासनाने त्याला दर वर्षी ठरावीक भाडे द्यावे, असा तो करार. शेतकऱ्याने पीक न घेताही समाजाची सेवा केली, तर तिचे मोल समाजाने द्यावे, हा त्यामागील विचार आहे. ज्याच्या शेतात कायद्याने तिवर राखावयाचे आहे, त्या खारेपाटातील शेतकऱ्याचा प्रश्न याच जातीचा आहे.

नेदरलँड्समध्ये समुद्रसपाटीखालच्या जमिनी बांधांच्या आधारे राखण्यासाठी स्थानिक जलमंडळे तेराव्या शतकापासून काम करीत आली. ही मंडळे आपले सदस्य निवडतात, लाभधारकांकडून कर घेतात आणि बांधाची पाहणी नियमित करतात. दोन्ही देशांची आर्थिक स्थिती वेगळी आहे. त्यांची नक्कल करण्याचे कारण नाही. परंतु पैसा कुठून आला यापेक्षा बांध कोण पाहतो हा प्रश्न तेथे अधिक महत्त्वाचा मानला गेला, एवढा धडा घेण्यासारखा आहे. शिलोत्री व्यवस्थेतही तो होता. फरक इतकाच की, आता राखणदार एक व्यक्ती नसून गाव असावयास हवा.

गावाने काय करावे

ग्रामपंचायतीने पहिली गोष्ट करावयाची ती बांधाची नोंदवही. गावच्या हद्दीतील प्रत्येक खारबांध कुठून कुठपर्यंत आहे, तो शासकीय योजनेतील की खासगी, उघाड्या किती, त्यांपैकी चालू किती, मागची दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली, याची एका ठिकाणी नोंद असावी. आज ही माहिती वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणीत आहे. ती कागदावर आली नाही तर त्यांच्याबरोबर जाईल.

दुसरी गोष्ट वेळेची. बांधाचे मातीकाम पाऊस संपून जमीन सुकल्यावर, म्हणजे साधारण डिसेंबर ते मे या काळातच होऊ शकते. मार्चअखेरीस मंजूर झालेला निधी कागदावर खर्च होतो, परंतु बांधावर माती पडण्यास तेवढा अवधी उरत नाही. म्हणून बांधाची पाहणी भात कापणीनंतर लगेच व्हावी, गरजेच्या कामांचा ठराव त्या सुमाराच्या ग्रामसभेत व्हावा आणि तो संबंधित कार्यालयात वेळेवर पोहोचावा. लहान दुरुस्तीची जी कामे रोजगार हमीच्या नियमांत बसतात, ती गावच्या वार्षिक आराखड्यात आधीच घालावीत. कर्मचाऱ्यांच्या बाजूने अपेक्षा एवढीच की, जे काम दहा पाट्या मातीत भागते, त्याचा कागद दहा टेबलांवरून फिरू नये.

तिसरी गोष्ट लाभधारकांच्या वाट्याची. योजनेच्या लाभक्षेत्रातील प्रत्येकाने क्षेत्राच्या प्रमाणात अल्प वर्गणी द्यावी. जो गावात नाही त्याने श्रमाऐवजी पैशांनी वाटा द्यावा. आपला वाटा घालणारा माणूस बांधाकडे आपलेपणाने पाहतो आणि शासनाच्या कामाचा दर्जाही विचारतो. अनुदानाने मदत व्हावी. मालकीची जाणीव बोथट होऊ नये.

शिक्षकांचे साहाय्य या कामी अनमोल आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीची उंची उघाडीजवळच्या खांबावर मोजणे, पावसाळ्याच्या आधी व नंतर मातीचे नमुने घेऊन ते तपासणीस पाठविणे, गावातील जुन्या खांडींच्या जागा वृद्धांकडून ऐकून नकाशावर दाखविणे, हे सर्व विद्यार्थी करू शकतात. भूगोलाचा धडा शाळेच्या कुंपणाबाहेरच शिकावयास मिळतो. बांधावर खेकड्याचे बीळ दिसले तर ते कुणाला सांगावयाचे, हे ज्या गावातील मुलांना माहीत आहे, त्या गावचा बांध सहसा फुटणार नाही.

आणि शेवटची गोष्ट स्पष्ट माहितीची. आपली जमीन कांदळवनाच्या नोंदीत आली आहे किंवा कसे, हे अनेक शेतकऱ्यांना ती विकावयास किंवा वारसनोंद करावयास गेल्यावरच कळते. गावातील अशा गटांची यादी ग्रामपंचायतीने महसूल व वन विभागांकडून मिळवून जाहीररीत्या वाचून दाखवावी. ज्यांचे शेत अजून वाचू शकते, त्यांना ते वाचविण्याची घाई तरी करता येईल.

श्रोतेहो, जोहे-हमरापूरच्या कारखान्यांत मूर्ती घडते ती थोड्या दिवसांसाठी. तिचे विसर्जन ठरलेले असते आणि त्यात आनंदही असतो. खारबांध घडतो तो विसर्जनासाठी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या त्या बांधावर माती टाकणाऱ्या कुळांनी आणि मजुरांनी जे मागे ठेवले, ते पाण्यात जाऊ न देणे ही आजच्या गावाची जबाबदारी आहे. शासनाचे अनुदान त्या जबाबदारीला हातभार लावू शकते. तिची जागा घेऊ शकत नाही. येत्या कापणीनंतर प्रत्येक खारगावाच्या सरपंचाने, एका शिक्षकाने आणि संबंधित कर्मचाऱ्याने एकत्र येऊन आपला बांध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिला, तर या विषयाचे अर्धे काम झाले असे समजावे.